साथीच्या दारात उभा शिपाई

साथीचा कोणताही इतिहास उघडला की त्यात काही माणसं हमखास भेटतात. रोग ओळखणारा डॉक्टर भेटतो, लस शोधणारा शास्त्रज्ञ भेटतो, रुग्णांची सेवा करता करता स्वतःच गेलेली माणसं भेटतात. प्लेगचं नाव काढलं की आपल्याला मांडवीतले डॉ. अकासियो व्हिएगस आठवतात. ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन आठवतात. पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई फुले आठवतात. आणि रँडसाहेब तर आठवतोच आठवतो.

या सगळ्यांच्या मागे आणखी एक माणूस असतो. घराच्या उंबऱ्याशी, स्टेशनच्या फाटकाशी, इस्पितळाच्या दाराशी तो उभा असतो. अंगावर गणवेश, हातात काठी किंवा बंदूक. साथीचा कायदा कागदावरून रस्त्यावर उतरतो तो या माणसाच्या पायांनी. इतिहासात त्याला जागा मिळते ती दोनच प्रकारांनी. एक तर जुलमी म्हणून, नाहीतर हुतात्मा म्हणून. मधली अवस्था कुणी फारशी लिहून ठेवत नाही. दिवसामागून दिवस तेच काम करताना तो थकतो, आतून करपतो, आणि करपलेला माणूस दारात उभा राहिला की दारापलीकडच्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज तो विचारायचा आहे.

‘करपणं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. इंग्रजीतला ‘बर्नआउट’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो शास्त्रीय लेखनात आणला. मोफत दवाखान्यात राबणारे कार्यकर्ते काही महिन्यांत कसे विझून जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन लक्षणं सांगितली. पहिलं, झोपून उठल्यावरही न जाणारा थकवा. दुसरं, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा, म्हणजे माणूस दिसेनासा होऊन नुसतं काम दिसू लागणं. आणि तिसरं, आपण करतो त्याचा काहीच उपयोग नाही, ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद घेतली, ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. चुलीवरचं पातेलं करपतं तेव्हा दोष पातेल्याचा नसतो. ते वेळेवर उतरवायला कुणी आलेलं नसतं.

आता पोलिसांच्या बाबतीत एक गंमत पाहा. देशातल्या बहुतेक प्रांतांना लागू झालेल्या १८६१ च्या पोलीस कायद्यात २२ वं कलम आहे. पोलीस अधिकारी हा सदैव कामावर आहे असं समजलं जाईल, असा त्याचा आशय. आपल्याकडच्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचं, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं, २८ वं कलमही तेच म्हणतं. रजेवर किंवा निलंबित नसेल, तर तो कायम कामावरच. कायद्याच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. घरी निघालेल्या हवालदाराने वाटेत चोर पकडला तर तो अधिकृत ठरावा, एवढाच त्याचा मूळ हेतू. पण व्यवहारात या कलमाची सावली हजेरीपुस्तकावर पडली. सदैव कामावर असणाऱ्या माणसाची पाळी संपते कधी, हा प्रश्नच मग गौण ठरला.

दंगलीत किंवा जत्रेत हे खपून जातं. आषाढीचा बंदोबस्त असो, गणपती विसर्जनाचा असो, त्याला शेवटचा दिवस असतो. शिपाई दोन रात्री जागतो, तिसऱ्या दिवशी झोपतो. साथीचं तसं नाही. साथ हा असा बंदोबस्त आहे की ज्याची अखेरची तारीख कुणालाच सांगता येत नाही. त्यात समोरचा माणूस गुन्हेगार नसतो, आजारी असतो, घाबरलेला असतो. आणि ज्या रोगापासून लोकांना वाचवायचं, तो रोग शिपायाच्या अंगालाही चिकटू शकतो. साथीच्या कामात जे करपणं येतं, त्याची मुळं या तीन गोष्टींत आहेत.

फौजेला घरोघर पाठवण्याची कल्पना पुण्याच्याही आधीची. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला. तिथल्या ताइपिंगशान या दाटीच्या चिनी वस्तीत घरं तपासायला, प्रेतं उचलायला आणि चुना फासायला श्रॉपशर लाइट इन्फन्ट्री या पलटणीतले सुमारे ३०० स्वयंसेवक उतरले. लोक त्यांना ‘व्हाइटवॉश ब्रिगेड’ म्हणू लागले. त्यांच्यातले कॅप्टन व्हेसी प्लेगनेच वारले. काम संपल्यावर या शिपायांना खास पदकं देण्यात आली. साम्राज्याने त्यातून धडा घेतला तो असा, की साथ ही एक मोहीम आहे आणि ती फौज जिंकू शकते.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. महापालिका आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला कडक अधिकार हाती घेतले. रुग्णाला सक्तीने इस्पितळात नेणं हा त्यातला भाग लोकांना सर्वांत भयंकर वाटला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर सक्ती सैल झाली. त्यामागे एक मोठी भीती होती ती सफाई कामगारांची. हे लोक शहर सोडून गेले तर मुंबई आठवड्यात कुजेल, हे पालिकेला कळत होतं. म्हणजे झाडूवाला निघून जाईल या धाकाने का होईना, त्याचा विचार झाला. पोलीस शिपायाच्या बाबतीत तो धाकही नव्हता. त्याला काम सोडून जाता येत नव्हतं. मुंबईच्या पोलीस दलात रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतले शिपाई मोठ्या संख्येने होते. शहरातून लाखो माणसं कोकणात आणि घाटावर पळत होती, त्या आगबोटींच्या धक्क्यावर आणि रेल्वेच्या फाटकावर बंदोबस्ताला उभी राहणारी माणसं त्याच मुलखातली होती.

मग पुणे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला. सातारचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांना पुण्यात आणण्यात आलं. ८ मार्चला खास प्लेग कमिटी बसली. अध्यक्ष रँड, आणि सोबत लष्करी डॉक्टर बेव्हरिज व कर्नल फिलिप्स. अधिकारी आणि शिपाई मिळून ८९३ माणसं प्लेगच्या कामावर घेण्यात आली, काही गोरे, काही देशी. त्यांत डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे सोल्जर होते. १३ मार्चला झडत्या सुरू झाल्या आणि १९ मेला थांबल्या. मोजले तर ६८ दिवस. या साथीत पुण्यात अंदाजे २०९१ माणसं दगावली.

या ६८ दिवसांत पुणेकरांनी काय सोसलं ते आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि ते खरंच सोसलेलं आहे. बूट घातलेले सोल्जर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. रुग्ण असो वा संशयित, त्याला इस्पितळात नेत, घरच्यांना सेग्रिगेशन कँपात पाठवत. सामान बाहेर काढलं जाई, काही जाळलं जाई, जमिनी उकरल्या जात. पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून कँपांतल्या बायकांच्या असुरक्षिततेविषयी तक्रार केली. ‘केसरी’ने सरकारवर टीका केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्लंडमध्ये सोल्जरांच्या अत्याचारांविषयी सांगितलं आणि परत आल्यावर, साक्षीदार पुढे येईनात म्हणून, त्यांना जाहीर माफी मागावी लागली. उलट रँड यांच्या अहवालात शिपायांच्या वर्तनाचा गौरव आहे. कुणा स्त्रीच्या अब्रूला धक्का लावल्याची विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे आली नाही, असं त्यात समाधानाने नोंदवलं आहे.

या दोन कागदांत शंभर वर्षं वाद चालू आहे. मला त्या वादात आज शिरायचं नाही. मला वाचकांचं आणि श्रोत्यांचं लक्ष दोन्ही कागदांत नसलेल्या एका गोष्टीकडे वेधायचं आहे. डरहॅम हा इंग्लंडच्या उत्तरेकडचा कोळशाच्या खाणींचा मुलूख. त्या नावाच्या पलटणीतला एखादा सोल्जर डोळ्यांपुढे आणा. लढायला म्हणून भरती झालेला हा माणूस पुण्याच्या मार्च-एप्रिल-मेच्या उन्हात जाड कपड्यांत, मराठीचा एक शब्द येत नसताना, रोज अंधाऱ्या खोल्यांमध्ये शिरतो. समोर रडणाऱ्या बायका, लपवलेले रुग्ण, कधी मेलेलं माणूस. सोबतीला एखादा एतद्देशीय गृहस्थ असावा अशी योजना होती, पण दरवाजा उघडताना कुणाचा आवाज पुढे असतो, हे सांगायला नको. पन्नासाव्या घरात माणूस दिसतो. पाचशेव्या घरात फक्त खोल्या दिसतात.

मास्लाकबाईंची तीन लक्षणं इथे ताडून पाहावीत. थकवा तर उघडच आहे. कोरडेपणाचा पुरावा पुणेकरांच्या तक्रारींत आहे. देवघरातले देव हलवताना, म्हाताऱ्या माणसाला ओढून बाहेर काढताना ‘हे कुणाचं तरी घर आहे’ ही जाणीव ज्याच्या मनातून पुसली गेली आहे, त्याच्याच हातून या गोष्टी घडू शकतात. आणि तिसरं लक्षण, व्यर्थतेचं. ते सर्वांत विदारक आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला येर्सिन यांना सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. शास्त्रज्ञांनी ते पुरतं मान्य करायला आणखी काही वर्षं गेली आणि ते काम बरंचसं आपल्या परळच्या प्रयोगशाळेत झालं. म्हणजे १८९७ च्या उन्हाळ्यात ८९३ माणसं माणसांना घराबाहेर काढत होती, आणि पिसवा मात्र घरातच राहत होत्या. शिपायाला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. पण आज धुऊन काढलेल्या आळीत उद्या पुन्हा रुग्ण निघतो, एवढं त्याच्या डोळ्यांना दिसत असणारच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थकवा ही जुलमाची सबब होऊ शकत नाही. ज्याचं देवघर विटाळलं, ज्याच्या आईला भर रस्त्यात तपासलं गेलं, त्याने सोल्जरच्या पाठदुखीचा विचार का करावा? करूच नये. पण ज्यांनी त्या सोल्जरला पाठवलं, त्यांनी तो करायलाच हवा होता. कारण शिपाई करपला की चटका दारातल्या माणसाला बसतो. थकवा शिपायाचा असेल, त्याची फेरपाळी लावणं हे वरच्याचं काम होतं. रँड यांच्या योजनेत घरं, खाटा, चुना, कार्बोलिक या सगळ्यांचा हिशेब होता. माणसाच्या मनाचा हिशेब दोन्ही बाजूंनी सुटला होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला गेला. चापेकर बंधू पुढे फासावर गेले. ती कथा आपल्याला पाठ आहे.

त्यानंतरची कथा कमी सांगितली जाते. फौज १९ मेला बराकीत परतली होती. प्लेग मात्र गेला नव्हता. त्याच वर्षी तो पुण्यात पुन्हा आला, आणि मुंबईत तर पुढची वीसेक वर्षं दर हिवाळ्यात हजेरी लावत राहिला. फौजेची मोहीम ६८ दिवसांची होती, पोलिसांची बेमुदत होती. सैनिक आणि पोलीस यांच्या थकव्यातला हा मूळ फरक आहे. सैनिकाला कामावर लावणारा कुणीतरी असतो आणि काढून घेणाराही असतो. पोलीस मुळात तिथलाच. त्याला बदली कोण देणार?

मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी हे सगळं फुटलं. रिपन रोडच्या भागात विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका आजारी मुलीला तपासायला गेलं. लोकांनी अडवलं, दगडफेक झाली, गोळीबार झाला, दंगल शहरभर पसरली. ग्रँट रोडला दोन इंग्रज सोल्जरांना जमावाने मारलं. तपासणीला आलेल्याने आणि दार अडवून उभ्या असलेल्याने, दोघांनीही, तोपर्यंत दीड वर्ष हीच झटापट केली होती. यानंतर सरकारने सक्तीच्या झडत्यांचा आग्रह हळूहळू सोडला. दडपणाने साथ आटोक्यात येत नाही, उलट लोक रुग्ण लपवतात, हे सत्य दोन शहरांत रक्त सांडल्यावर पटलं.

पोलिसांच्या हालांकडे सरकारचं लक्ष गेलं ते आणखी चार-पाच वर्षांनी. १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन नेमलं गेलं. त्याने देशभरच्या पोलीस दलावर कडक ताशेरे ओढले आणि त्याबरोबरच शिपायाचा पगार महिना किमान ८ रुपये असावा अशी शिफारस केली. आठ रुपये ही शिफारस होती, म्हणजे त्याआधी तो किती ठिकाणी त्याहून कमी होता, याचा विचार करावा. भ्रष्ट, उद्धट, निर्दय असा शिक्का ज्या शिपायावर बसला होता, त्याला सरकार काय देत होतं हेही त्यात उघड झालं.

प्लेगमधून सरकार काही शिकलं का? थोडंसं शिकलं, आणि ते १९१८ मध्ये दिसलं. महायुद्ध संपत आलं होतं, जहाजं फौजा घेऊन मुंबईच्या बंदरात येत होती. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या पोलीस इस्पितळात सात पोलीस शिपाई तापाने दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. हा ताप हिवतापाचा नव्हता. ज्या इन्फ्लुएंझाने पुढे हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसं नेली, त्याचे मुंबईतले पहिले नोंदलेले रुग्ण हे पोलीस होते. मग गोदीचे कामगार, कंपन्यांचे कारकून, गिरण्या, पोस्ट, टांकसाळ अशी साथ पसरत गेली. दुसरी लाट सप्टेंबरात आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

साथ जिथून आत येते तिथे सर्वांत आधी उभा असतो तो पहारेकरी, हे त्या सात शिपायांनी दाखवून दिलं. पण या साथीत सरकारने एक चूक टाळली. पुण्याचा अनुभव ताजा होता, म्हणून घरात शिरून रुग्ण बाहेर काढण्याच्या वाटेला ते गेलं नाही. डॉक्टर युद्धावर गेलेले, पाऊस नाही, धान्य महाग. अशा वेळी दारोदार गेले ते स्वयंसेवक. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था आणि वेगवेगळ्या जातिजमातींची मंडळं औषध, दूध, कांबळी घेऊन फिरली. त्यांच्यासाठी दारं उघडली गेली. सरकार हात झटकून मोकळं झालं, असा आरोप तेव्हा झाला आणि तो बराचसा खरा आहे. तरीही एक धडा त्यातून निघतो. दारावर थाप मारणारी माणसं निराळी असू शकतात. ते काम गणवेशाचंच आहे असं नाही.

पोलिसांना मात्र त्या वर्षी उसंत मिळाली नाही. साथ ओसरते न ओसरते तोच जानेवारी १९१९ मध्ये मुंबईतल्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांचा संप उभा राहिला. महागाई आणि तापाने पिचलेला कामगार रस्त्यावर आला, आणि त्याच तापातून उठलेला शिपाई त्याच्या समोर उभा राहिला. एप्रिलात रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह. एक बंदोबस्त संपला की दुसरा सुरू, ही पोलिसांची रीत तेव्हापासूनची.

आणि मग शंभर वर्षांनी २०२०. योगायोग पाहा. पुण्यातल्या झडत्या सुरू झाल्या त्या १३ मार्च १८९७ रोजी, आणि कोरोनासाठी महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा लागू केला तो १३ मार्च २०२० रोजी. कायदा तोच होता, रस्त्यावर उतरलेलं दल मात्र स्वतंत्र देशाचं, आपल्याच घरांतलं होतं. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. नाकाबंदी, प्रतिबंधित वस्त्यांचे अडसर, इस्पितळांबाहेरचा पहारा, गावी निघालेल्या परप्रांतीय मजुरांचे अर्ज घेणं, उपाशी माणसांना जेवण पोचवणं, नातेवाईक नसलेल्या प्रेतांची व्यवस्था. यांतलं अर्धं काम पोलिसांचं नव्हतंच. पण इतर खाती बंद होती, आणि पोलीस ठाणं कधी बंद नसतं.

त्या महिन्यांत आपण सर्वांनी दोन्ही चित्रं पाहिली. भाजी आणायला निघालेल्या माणसावर दंडुका चालवणारा पोलीस पाहिला, रस्त्यावर उठाबशा काढायला लावणारा पाहिला. आणि म्हाताऱ्या बाईला औषध नेऊन देणारा, चालत निघालेल्या मजुराला स्वतःचा डबा देणारा पोलीसही पाहिला. पुष्कळदा ती माणसं निरनिराळी असतील. पण काही वेळा तोच माणूस असेल. पहिल्या आठवड्यातला डबा देणारा आणि सहाव्या आठवड्यातला काठी उगारणारा.

एप्रिलच्या अखेरीस मुंबईत पोलिसांचे मृत्यू सुरू झाले. तेव्हा मुंबई पोलीस आयुक्तांनी ५५ वर्षांवरच्या कर्मचाऱ्यांना घरीच थांबायला सांगितलं. मालेगावच्या बंदोबस्तावर गेलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान जालना, हिंगोलीला परतले ते संसर्ग घेऊनच. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतल्या छोट्या खोल्यांत राहणाऱ्या पोलिसांच्या कुटुंबांना तर वेगळं राहायचं कुठे, हाच प्रश्न होता. दिवसभर लोकांना ‘घरात बसा’ सांगायचं आणि रात्री स्वतःच्या घराबाहेर थांबायचं, अशी अनेकांची गत झाली. २०२० हे वर्ष संपेपर्यंत राज्यातले २५,००० हून अधिक पोलीस बाधित झाले होते आणि २५० हून अधिक मृत्युमुखी पडले होते. सरकारने मृतांच्या वारसांना ५० लाखांची मदत जाहीर केली. ते योग्यच झालं. पण पदक आणि मदत या दोन्ही गोष्टी माणूस गेल्यावर किंवा काम संपल्यावर मिळतात. हाँगकाँगपासून हे असंच चालत आलं आहे.

या काळातली एक घटना मला इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. मे २०२० मध्ये राज्य सरकारने केंद्राकडे सशस्त्र दलाच्या वीस तुकड्या मागितल्या. राज्यातले पोलीस रात्रंदिवस राबत आहेत, काही आजारी पडले आहेत, त्यांना विश्रांती मिळावी, हे त्या मागणीचं एक कारण म्हणून जाहीरपणे सांगितलं गेलं. त्यांतल्या काही तुकड्या आल्याही. पोलिसाला थकवा येतो आणि तो घालवणं ही सरकारची जबाबदारी आहे, ही साधी गोष्ट सरकारी तोंडून एवढ्या उघडपणे निघायला किती वर्षं लागली, ते मोजावं.

अर्थात ही जबाबदारी साथ आल्यावर सुचून उपयोग नसतो. साथीआधीच दल किती ताणलेलं होतं पाहा. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत पोलीस सरासरी दिवसाला १४ तास काम करतात असं आढळलं. जवळजवळ निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. म्हणजे साथीचं ओझं पडलं ते आधीच वाकलेल्या पाठीवर. आणि यावर उपाय नव्हता असंही नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळीचं वेळापत्रक स्वतः बसवून दाखवलं. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी मे २०१६ मध्ये ते देवनारला सुरू केलं आणि २०१७ च्या सुरुवातीपासून मुंबईतल्या ठाण्यांना लागू केलं. ही कल्पना एखाद्या कमिशनच्या अहवालातून आली नाही, पहारा देणाऱ्याकडून आली. साथीच्या काळात मात्र ही घडी विस्कटली. गरज सर्वांत जास्त होती तेव्हाच ती मोडली, कारण राखीव माणूसबळ नव्हतं.

या सव्वाशे वर्षांकडे एकत्र पाहिलं तर काय दिसतं? शिपाई बदलला, राज्यकर्ते बदलले, रोग बदलला. सरकारची सवय तेवढी टिकून राहिली. साथ आली की आधी हुकूम निघतो, मग माणसं लावली जातात, आणि त्यांना सोडवायला कोण येणार याचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम उलटा करता येतो. पुण्यातल्या फौजेच्या कामाला निदान शेवटचा दिवस होता. पोलिसांच्या प्रत्येक साथ-बंदोबस्तालाही तशी मुदत घालता येईल. इतके दिवस काम, मग इतके दिवस पूर्ण मोकळीक, आणि त्या जागेवर दुसरी तुकडी. १९१८ च्या स्वयंसेवकांकडून शिकता येईल की घराच्या दारात आरोग्यसेवक आणि वस्तीतली ओळखीची माणसं पुढे असावीत, गणवेश दोन पावलं मागे. त्यांनाही अर्थात पाळी आणि मोबदला हवा, नाहीतर आपण एकाला वाचवून दुसऱ्याला करपवू. आणि ज्या सात शिपायांनी १९१८ ची साथ पहिल्यांदा अंगावर घेतली, त्यांच्यापासून हे शिकता येईल की पोलीस इस्पितळाचं रोजचं रुग्णपुस्तक हा साथीचा पहिला इशारा असू शकतो.

या कुठल्याच गोष्टीला नवा शोध लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात खाटा किती, रुग्णवाहिका किती, प्राणवायू किती याचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा लागेल. नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाची जागा घ्यायला किती वाजता, कुठून, कोण येणार आहे. पुढच्या साथीत आपल्या दारात उभा राहणारा माणूस कसा बोलेल, हे त्या रकान्यात काय लिहिलं आहे त्यावर पुष्कळसं ठरणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)